स्लॅबच्या दिवशीची पंगत

डोकमर्डी, सिल्वासा
१४ एप्रिल २०२५

तीर्थरूप रघुनाथदादांच्या चरणी नमस्कार.

फोनवर आता तुम्हांला नीट ऐकू येत नाही आणि मोबाइलवरची बारीक अक्षरे तुमच्या डोळ्यांना सोसत नाहीत, म्हणून पत्र लिहीत आहे. पत्रात विषय क्रमाने मांडता येतो, ही माझीही सोय.

घराच्या वरच्या मजल्याच्या स्लॅबची वेळ आली आहे. सेंटरिंगच्या फळ्या लागल्या आहेत, सळया बांधून झाल्या आहेत. सुमितचे लग्न डिसेंबरात करायचे ठरते आहे आणि वरचा मजला त्या दोघांसाठी आहे. माझे आयुष्य मसाटच्या कारखान्यात हिशेबखात्यात गेले. जमाखर्चातील चूक मला शोधता येते, काँक्रीटमधील येत नाही. तुम्ही बांधकाम खात्यात अभियंता होता आणि आतेभाऊ म्हणून तुम्हांला मी हक्काने विचारू शकतो.

अडचण उन्हाची आहे. येथे दुपारी रस्त्यावरचे डांबर चपलेला चिकटते. मी हे काम पुढे ढकलावे असे म्हणत होतो, परंतु ठेकेदार ऐकत नाही. त्याचे नाव सुकदेव. तो साक्री तालुक्यातला असून त्याची सारी टोळी तिकडचीच आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ही मंडळी गावी जातात आणि मग मेच्या मध्यापर्यंत परतत नाहीत. मी म्हटले, "सुकदेव, एक वर्ष आखाजी सिल्वाशात केली तर चालणार नाही का?" तर म्हणाला, "साहेब, पोरी सासरहून माहेरी येतात. बाप इथं स्लॅब टाकत बसला तर त्यांनी झोका कोणासमोर खेळायचा?"

येत्या रविवारी, २० तारखेला, स्लॅब टाकायचे ठरवले आहे. माणूस कामाचा वाटतो. जिभेने मात्र तिखट आहे. पुढचे विटांचे आणि गिलाव्याचे कामही त्यालाच द्यायचे बोलणे झाले आहे, म्हणजे त्याच्या टोळीची पावसाळाभराची सोय होईल. मी काय सांभाळावे, ते कळवावे. शोभा तुम्हांला नमस्कार सांगते.

आपला आज्ञाधारक,
भास्कर

•

देवरुख
१७ एप्रिल २०२५

चि. भास्कर यास अनेक आशीर्वाद.

उन्हाळ्यात स्लॅब टाकू नये असे कोणी सांगितले तर ऐकू नकोस. आमच्या खात्याने पूल उन्हाळ्यातच बांधले, कारण पावसाळ्यात नदी जागा देत नाही. मात्र उन्हाळ्यात काँक्रीट माणसाला सवड देत नाही, एवढे ध्यानात ठेव.

पहाटे उजाडायच्या आत सुरुवात करा. खडीच्या ढिगावर आदल्या संध्याकाळपासून पाणी मारा. गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी वापरू नका, दुपारी ते चहाला चालेल इतके तापलेले असते. फळ्या ओल्या करून घ्या. काँक्रीटचा माल पसरला की सपाट करा, त्यावरचे पाणी विरले की लाकडी रंधा मारून घोटा आणि लगेच ओले गोणपाट पसरा. उन्हापेक्षा वारा वाईट. ऊन लोकांना दिसते, म्हणून सारा दोष त्याच्यावर जातो.

आणखी एक गोष्ट. गावी जायच्या घाईत असलेला मिस्त्री वरचा थर आवळू, म्हणजे घट्ट होऊ, लागला की त्यावर कोरडे सिमेंट भुरभुरतो, पाणी शिंपडतो आणि वरवर गुळगुळीत करून देतो. दिसायला छान दिसते. असे करताना दिसला तर त्याचा हात धर. मला हे लोक चांगले माहीत आहेत.

माझी प्रकृती बरी आहे. कानाचे यंत्र नवे घेतले, पण त्यातून माणसांपेक्षा कावळे जास्त ऐकू येतात.

तुझा,
रघुनाथदादा

•

डोकमर्डी, सिल्वासा
२२ एप्रिल २०२५

तीर्थरूप रघुनाथदादांच्या चरणी नमस्कार.

आपले पत्र काल, सोमवारी संध्याकाळी मिळाले. स्लॅब त्याच्या आदल्या दिवशीच टाकून झाला होता. दोन दिवस आधी पत्र मिळते तर मी आज हे लिहीत नसतो.

रविवारी साडेसहाला मिक्सर सुरू झाला. नारळ मी फोडला. सुकदेवचा आग्रह चारला सुरू करण्याचा होता, परंतु शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून मी थांबवले. काम शिस्तीत चालले होते. मंजुळाबाई म्हणून एक वयस्क बाई आहेत, त्या बायकांच्या रांगेच्या पुढे असतात आणि घमेली हातोहात वर पाठवण्याचा ताल त्या धरतात. ताल चुकला की, "ए सोनुबाई, घमेलं आहे ते, पोरगं नाही, झुलवत काय बसली," असे म्हणतात. बोअरचे ताजे पाणी वापरले. साडेअकरापर्यंत सर्व स्लॅब भरून सपाट झाला होता. केवळ रंधा मारायचा उरला होता.

मग जेवण. आमच्या घरी, आपल्याला आठवत असेल, बाबांनी स्लॅबच्या दिवशी कामकऱ्यांना घरच्या पंगतीत बसवून वाढले होते. तेच करायचे मी मनाशी धरले होते. आम्रखंड, पुरी, बटाट्याची भाजी, मठ्ठा. सुकदेव म्हणाला, "साहेब, आधी निम्मे बसतील, निम्मे वर राहतील. मग अदलाबदल." मी त्याला स्पष्ट सांगितले की आमच्या पंगतीत कोणी आधी आणि कोणी मागून असा भेद होत नाही. मागून बसणाऱ्याला उरलेसुरले वाढल्यासारखे होते आणि ते मला चालणार नाही. सर्वांनी एकदम बसावे. तो जरा घुटमळला, पण बसला. अंगणात मांडव घातला होता. वारा इतका सुटला होता की पत्रावळी उडत होत्या, प्रत्येकीवर खडीचा एकेक दगड ठेवावा लागला. शोभा म्हणाली, "अहो, भाजीपेक्षा दगडच जास्त वाढलेत." सगळे हसले. आग्रहाने वाढले. विडे दिले. तासाभरात मंडळी उठली. दादा, तो एक तास मला घर बांधल्याचे खरे समाधान देऊन गेला.

त्यानंतर मी स्वतः वर जाऊन पाहिले. सुकदेव कोरडे सिमेंट भुरभुरत होता आणि पाणी शिंपडून त्यावर रंधा ओढत होता. मला वाटले, ही त्यांची पद्धत असेल.

सोमवारी सकाळी पाणी साठवण्यासाठी मातीचे बांध घालायला वर गेलो तर स्लॅबभर भेगा. आटलेल्या तळ्याच्या गाळावर पडतात तशा. काहींत नख शिरते. संध्याकाळी आपले पत्र आले आणि चोर सापडला. आज सकाळी सर्व टोळीसमोर मी ते पत्र सुकदेवला वाचून दाखवले. म्हणालो, "घाईपोटी तुम्ही माझा स्लॅब नासवला. आखाजी करा, पण परत माझ्या दारात येऊ नका." तो म्हणाला, "साहेब, माल जेवणाच्या वेळी गेला." मी म्हटले, "जेवणाला दोष देऊ नका, ते तुम्हीच जेवलात." त्यावर तो रंधा, थापी आणि सुतळीचा गुंडा पिशवीत भरून निघून गेला. त्याच्या मागोमाग सगळे गेले. जाताना मंजुळाबाई शोभाच्या पाया पडल्या, माझ्या नाही.

आता प्रश्न असा की स्लॅब फोडावा का? येथील एक जण फोडण्याचा सल्ला देतो. त्वरित कळवावे. पाणी मी स्वतः मारत आहे.

आपला,
भास्कर

•

देवरुख
२६ एप्रिल २०२५

चि. भास्कर यास आशीर्वाद.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. एकदा स्लॅबसाठी आणि एकदा पंगतीसाठी.

स्लॅब फोडू नकोस. माल कोवळा असताना वरून सुकला की अशा भेगा पडतात. बहुधा त्या वरच्या थरातच असतात. पातळ सिमेंटचे पाणी करून त्या भरून घे आणि बांधात पाणी अखंड राहू दे. सेंटरिंग काढल्यावर खालून बघ. वरच्या पाण्याचा एक थेंबही खाली उतरला नसेल, तर निर्धास्त हो. वर शेवटी कोबा, म्हणजे सिमेंटचा घोटीव थर, करावाच लागणार आहे.

आता दुसरे. साडेअकराला स्लॅब सपाट झाला. नेमकी ती वेळ ओले गोणपाट आणि रंधा घेऊन उभे राहण्याची. त्याच वेळी तू सगळ्या हातांना खाली आणून बसवलेस. ज्या वाऱ्याने तुझ्या अंगणातल्या पत्रावळी उडत होत्या, तोच वारा वर उघड्या स्लॅबवरून तासभर जात होता. खाली तुम्ही पत्रावळींवर दगड ठेवलेत. वर कोण होते?

कोणी आधी, कोणी मागून हा भेद तू मोडलास, ते तुझ्या स्वभावाला धरूनच झाले. मामा असते तर त्यांनाही बरे वाटले असते. पण त्यांचा स्लॅब डिसेंबरातला होता, आणि कोकणातला. सुकदेव म्हणत होता ती अदलाबदल मानपानाची नव्हती, कामाची होती. तू ती मानाची समजलास.

त्याने सिमेंट भुरभुरले ते चूकच. त्याने वरचा थर कमकुवत होतो आणि पुढे भुकटी सुटते. पण तासाभराने येऊन पाहतो तर वरचा थर आवळलेला, तेव्हा त्याने हाताशी होते ते औषध दिले. औषध चुकीचे होते, पण रोग त्याने आणला नव्हता.

माझाही त्यात वाटा आहे. हे लोक मला माहीत आहेत, असे मी न पाहिलेल्या माणसाबद्दल लिहिले, आणि ते तू त्याच्या माणसांसमोर वाचून दाखवलेस. खात्यात असताना मी कागदावर शेरा मारण्याआधी जागेवर जात असे. निवृत्तीनंतर ही सवय सुटलेली दिसते.

त्या माणसाला परत बोलाव. पावसाळ्याचे काम गेले तर त्याची टोळी फुटेल. आणि ज्याचा स्लॅब मालकाने नासका ठरवला, अशा मिस्त्रीला सिल्वाशात दुसरा मालकही विचारून घेणार नाही.

रघुनाथदादा

•

डोकमर्डी, सिल्वासा
३० एप्रिल २०२५

श्री. सुकदेव यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्याला चार-पाच वेळा फोन केला, आपण उचलला नाही. आपला भाचा वाल्मिक आमच्याच कारखान्यात पॅकिंगला आहे. त्याला सुटी उशिरा मिळाली, तो आज संध्याकाळच्या गाडीने निघतो आहे. त्याच्या हाती हे पत्र देत आहे.

स्लॅबला भेगा पडण्याचे कारण आपली घाई नव्हे. माल उघडा असताना मी सर्वांना एकदम जेवायला बसवले, हे कारण होय. आपण अदलाबदल सुचवली होती, ती मी मान्य केली नाही. सबब, मी आपल्याला जे बोललो ते चुकीचे होते आणि ते मी मागे घेतो. कोरडे सिमेंट वापरणे मात्र योग्य नव्हते, असे माझे मत कायम आहे.

पोर्चचा आणि जिन्यावरचा स्लॅब बाकी आहे. पुढील कामही ठरल्याप्रमाणे आपणच करावे, अशी विनंती आहे. आखाजीच्या आपणांस आणि मुलींना शुभेच्छा.

आपला,
भास्कर आंब्रे

•

मु. पो. कासारे, ता. साक्री
७ मे २०२५

भास्कर साहेबांना सुकदेवचा राम राम.

बाबा सांगतात तसं मी लिहिते आहे.

वाल्मिकने पत्र दिलं. माझ्या सोनमने वाचून दाखवलं, मग मी पुन्हा वाचायला लावलं. आखाजी चांगली झाली. तिन्ही पोरी आल्या होत्या. ऊन इकडे तुमच्यापेक्षा जास्त आहे, पण इकडे घाम येत नाही.

साहेब, वरून सिमेंट मारलं ते माझं चुकलं, ते मी कबूल करतो. मला माहीत होतं. पण पंगतीवरून उठून वर गेलो तर माल पापडासारखा झाला होता. तेव्हाच तुमच्याकडे येऊन सांगायला पाहिजे होतं की साहेब, वरचा थर गेला. नाही सांगितलं. तुम्ही एवढ्या खुशीत विडे वाटत होते. माणूस विडा देतो आणि आपण त्याला म्हणायचं की तुमच्या जेवणाने स्लॅब गेला, असं तोंडातून निघत नाही. मालकाच्या पंगतीतून मधेच उठता पण येत नाही. मी बसलो, पण सगळा जीव वर होता. आम्रखंड कसं होतं ते मला विचारू नका. गावी आल्यावर मंजुळाबाईने सांगितलं, चांगलं होतं.

आता कामाचं. तिकडेच, सिल्वाशाजवळ अथालला एक मालक बोलावतो आहे. पैसा तोच, आणि त्याने मला अजून काही बोललेलं नाही. तुमचं पत्र चांगलं आहे. पण साहेब, तुम्ही पत्र मला एकट्याला लिहिलं. बोलला होतात सगळ्यांसमोर. माझ्या टोळीतली अर्धी माणसं वाचत नाहीत. त्यांनी जे कानाने ऐकलं तेच त्यांच्याकडे आहे. उद्या मी एखाद्याला म्हटलं की रंधा नीट मार, तर तो मनात म्हणेल, हा स्वतः स्लॅब नासवून आलेला. अशा माणसाच्या हाताखाली टोळी चालत नाही.

मी अठरा तारखेला पोर्च टाकायला येतो. पहाटे चारला मिक्सर सुरू होईल, शेजारी उठले तर उठले. तुम्हाला जे बोलायचं ते सगळ्यांसमोर बोला. नाही बोलला तर पोर्च पूर्ण करून देईन, अर्धं काम सोडत नाही, आणि तिथून अथालला जाईन. राग ठेवणार नाही.

सुकदेव

काका, मी सोनम. शेवटचं वाक्य बाबांनी तीनदा बदललं. आधी "राग राहील" असं होतं.

•

डोकमर्डी, सिल्वासा
१९ मे २०२५

तीर्थरूप रघुनाथदादांच्या चरणी नमस्कार.

गेल्या आठवड्यात सेंटरिंग काढले. काढणारा कारागीर निराळा होता, म्हणून मी स्वतः खाली उभा राहिलो. वर पाणी भरलेले होते. खालची बाजू कोरडी निघाली, कोठेही ओल नाही, भेगेची रेषही नाही. आपल्या सांगण्याप्रमाणे वरच्या भेगा आधीच भरल्या होत्या. वरच्या थरावर हात फिरवला की थोडी भुकटी लागते. ती सुकदेवची, आणि कोबा झाला की जाईल. स्लॅब वाचला आहे.

सुकदेवच्या पत्राचा मजकूर आपल्याला मागे कळवलाच होता. आपण उलट टपाली एकच ओळ लिहिलीत, "तो बरोबर म्हणतो." त्याप्रमाणे मी तयारी केली. काय बोलायचे ते एका कागदावर लिहून काढले. प्रथम वस्तुस्थिती, मग कारणमीमांसा, मग माझी जबाबदारी आणि शेवटी त्यांची चूक कोठे होती तेही, कारण ते वगळणे सत्याला धरून झाले नसते. शोभाला वाचून दाखवले. ती म्हणाली, "हे तुम्ही माफी मागता आहात की ताळेबंद सादर करता आहात?" त्यावर मी दोन परिच्छेद कमी केले.

काल पहाटे टोळी आली. सुकदेवने नमस्कार केला आणि तो थेट सळया तपासायला गेला. मी म्हटले, "सुकदेवराव, जरा सगळ्यांना बोलावता का?" तो म्हणाला, "बोलावतो," पण त्याआधी त्याने मिक्सरवाल्याला खूण केली. मला वाटले, मिक्सर नुसता फिरवून पाहायचा असेल. मंडळी जिन्याशी गोळा झाली. शेजारचे भावेशभाई मिक्सरच्या आवाजाने उठून बनियनवर गच्चीत येऊन उभे राहिले. मी तिसऱ्या पायरीवर उभा राहून कागद उघडला.

उजाडायचे होते, दिवा माझ्या पाठीमागे होता. पहिली ओळ वाचली. दुसरी सावलीत येत होती, म्हणून कागद तिरपा धरला. तेवढ्यात मिक्सरने पहिला घाणा ओतला. बायकांनी सवयीने घमेली भरून डोक्यावर घेतली, पण वर जायची वाट माझ्यामुळे अडली होती. त्या तशाच उभ्या राहिल्या. मी "वस्तुस्थिती अशी की" येथपर्यंत आलो होतो.

मंजुळाबाई सर्वांत पुढे होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, तुमचं लई लांब दिसतंय. माल आटून राहिला ना."

माल अडवून मी पुन्हा उभा होतो.

कागद खिशात घातला आणि म्हणालो, "वरच्या स्लॅबला भेगा सुकदेवरावांनी पाडल्या नाहीत. मी तुम्हां सगळ्यांना एकदम जेवायला बसवलं, त्यानं पडल्या. मी त्यांना तुमच्यासमोर बोललो, ते माझं चुकलं."

गच्चीवरून भावेशभाईंनी विचारले, "शुं थयुं, भास्करभाई?" काय झाले ते त्यांना सांगायला वेळ नव्हता, कारण माझ्या खालच्या पायरीवर मंजुळाबाई उभ्या होत्या आणि घमेल्यातून सिमेंटचे पाणी त्यांच्या खांद्यावर ओघळत होते.

सुकदेव पोर्चच्या फळ्यांवर होता. त्याने मान वर केली नाही. तो म्हणाला, "ऐकलं ना सगळ्यांनी? मग आता साहेबांना पायरीवरून उतरू द्या. नथू, पाणी कमी घाल. चला, माल येऊ द्या."

मी उतरलो. रांग वर सरकली.

आपला,
भास्कर